बिनचाकाची स्कूटर

माझ्या स्कूटरची किल्ली बटणांच्या डब्यात आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आमच्या घरात वस्तू लपवायची ती एकच जागा. मुलगा लहान असताना त्याच्या गोट्या तिथे जप्त होऊन पडायच्या, आता माझी किल्ली पडली होती. घरात कोणी नसलं की मी डबा कानाशी नेऊन हलवायचो. बटणांचा आवाज वेगळा, किल्लीचा वेगळा. आहे, एवढी खात्री झाली की डबा जागेवर ठेवायचा. झाकण मात्र मी कधी उघडलं नाही. आपणच काढून घेतलेली किल्ली म्हणजे चोरी. मला ती कोणीतरी हातात दिलेली हवी होती.

झालं होतं ते एवढंच, की मी एका भाजीच्या हातगाडीला धडकलो. धडकलो हाही मोठा शब्द झाला. टेकलो. पण टोमॅटो ही चीज अशी आहे की नुसतं टेकलं तरी गावभर बोभाटा करते.

कारण विचाराल तर पाटी. मला अक्षरं उशिरा आली, कानाशी केस पांढरे व्हायला लागले तेव्हा. शिकवली ती आमच्या हिने. रात्रीच्या वर्गात जाऊन बसायची मला लाज वाटायची आणि घरी धंद्यापुढे सवड नव्हती. म्हणून ही स्कूटरवर मागे बसायची आणि जाता जाता दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायला लावायची. चुकलो की पाठीत बोट. बरोबर आलं की काही नाही, कारण शाबासकीने माणूस शेफारतो असं हिचं मत. केशकर्तनालय हा शब्द आला तोपर्यंत माझ्या पाठीला खळगा पडला होता. मला वाचता आलं, पण एक खोड कायमची जडली: पाटी दिसली की माझा हात आपोआप गॅसवरून सुटतो, मान वळते आणि तोंड उघडतं. त्या दिवशी एका नव्या दुकानाने जरा लांबलचक पाटी लावली होती. ती वाचून संपायच्या आत टोमॅटो आले.

मुलगा विमा कंपनीत आहे. ज्याचा दिवस लोक कसे पडले, भाजले आणि बुडाले हे वाचण्यात जातो, त्याला घरातला म्हातारा बाप विजेच्या उघड्या तारेसारखा वाटतो. तो रागावला नाही. रागावला असता तर मी दोन शब्द सुनावले असते. तो फक्त हळू आवाजात म्हणाला, "बाबा, आता पुरे," आणि किल्ली आईच्या हातात दिली. हिने ती घेतली. जिने मला मागे बसून जग वाचायला शिकवलं, तिनेच ती घेऊन बटणांत टाकली. मी त्या दिवशी जेवलो, पण गप्प बसून जेवलो.

माझा धंदा सीट शिवण्याचा. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या गाद्या. सगळे मला सीटवाले काका म्हणतात. दुकान आता अर्धा दिवसच उघडतो. तिथे एक दिवस तलावावर पर्यटकांना फेऱ्या मारून आणणारा माणूस ट्रॉलीवर एक वॉटर स्कूटर घेऊन आला. पुढून शार्क, मागून डबा, आणि मधली सीट कुत्र्याने फाडल्यासारखी. नवी सीट शिवा म्हणाला. मी मापं घेतली. मधल्या काळात त्याला परदेशात नोकरी लागली आणि जाता जाता त्याचा फोन आला, "काका, ती तुम्हालाच राहू द्या. माझ्याकडे गंजून जाईल, तुमच्याकडे निदान सीट तरी चांगली होईल." ट्रॉलीसकट आख्खी स्कूटर माझ्या गळ्यात पडली.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. निवृत्त झाले तरी त्यांच्यातला क्लार्क निवृत्त झालेला नाही. त्यांनी त्या वाहनाला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, की घरच्यांनी तुम्हाला नेमकं काय बंद केलंय? मी म्हटलं, स्कूटर. रस्त्यावरची ना, असं ते म्हणाले. मग त्यांनी मला हाताला धरून तलावावरच्या बोट क्लबात नेलं. तिथे भिंतीवर हौशी लोकांच्या वॉटर स्कूटर शर्यतीची सूचना होती. नवोदितांसाठी वेगळा गट, वय अठराच्या वर. हेडक्लार्कांनी बोट ठेवलं.

"अठराच्या खाली नको म्हणतात. वरती किती, ते लिहिलंय?"

"नाही."

"जे लिहिलेलं नाही ते मना नाही. आयुष्यभर मी याच वाक्यावर नोकरी केली."

तिथेच माझ्या डोक्यात किडा शिरला. शर्यत जिंकायची असं माझ्या मनात कधीच नव्हतं, एवढा मी वेडा नाही. ती पुरी करायची होती. चार लोकांसमोर पाण्यावरची शर्यत पुरी केलेल्या माणसाला घरी कोण म्हणेल, की तुम्हाला आता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जमणार नाही? शर्यत संपवायची आणि बटणांचा डबा उघडायला लावायचा, असा साधा सरळ बेत होता. माझे सगळेच बेत सुरुवातीला साधे सरळ असतात.

पहिला प्रश्न ती ठेवायची कुठे. दुकानात ठेवली तर मला बाहेर उभं राहावं लागे, म्हणून आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणली. संध्याकाळी कमिटी जमली. कमिटीच्या म्हणण्याप्रमाणे पार्किंग दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी होतं, आणि हिला तर एकही चाक नव्हतं. ट्रॉलीला आहेत म्हटलं, तर ट्रॉली हे वाहन नाही म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी तिच्यात माती भरून तुळशी लावायची सूचना केली. शेवटी हेडक्लार्क उभे राहिले आणि म्हणाले, की ज्याला चाकं नाहीत आणि ज्यावर गादी आहे, ते फर्निचर. फर्निचर तात्पुरतं खाली ठेवायला परवानगी असतेच. ठराव मंजूर झाला. मी घरी येऊन हिला सांगितलं, की माझी रेसची गाडी सोफा म्हणून पास झाली. ही म्हणाली, "तुम्ही पण त्यातच पास व्हाल."

मग नोंदणी. वाहन कार्यालयातल्या खिडकीने चाकं किती विचारलं. मी नाहीत म्हटल्यावर त्या माणसाने सहानुभूतीने विचारलं, चोरीला गेली का? पाण्यावर चालते हे कळल्यावर त्याने दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, दुसरीने दुसऱ्या इमारतीत, आणि तिथल्या साहेबांनी चहा पिता पिता समजावलं, की ते जहाजांचं बघतात, याला शिडी, नांगर किंवा खलाशी आहे का? मी म्हटलं, खलाशी मीच. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नांगराच्या रकान्यात माझ्याकडे बघतच काहीतरी लिहिलं. पण शिक्का मारला. शिक्क्याच्या बाबतीत मी माणसाचे हेतू तपासत नाही.

प्रकृतीचा दाखला आणायला डॉक्टरांकडे गेलो, तर ते माझ्या पाठीमागे बघत राहिले. त्यांना वाटलं, रेस खेळणारा मुलगा मागून येतोय. मीच तो, असं कळल्यावर ते इतके हसले की त्यांचंच ब्लडप्रेशर बघायची वेळ आली. माझं ठीक निघालं. मग डोळे. समोरचा तक्ता मी चष्मा लावून वरच्या मोठ्या अक्षरापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि त्याच्याही खाली तक्ता छापणाऱ्या छापखान्याचं नाव होतं, तेही वाचून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, तिथपर्यंत आजवर कोणी गेलं नव्हतं. मी म्हटलं, पाटी अर्धवट सोडायची नाही असं मला शिकवलंय.

आता सीट. इथे मी जे केलं ते फक्त माझ्या धंद्यातला माणूसच करू शकतो, आणि शहाणा असेल तर तोही करणार नाही. मला वाटलं, माझी आयुष्यातली पहिली शर्यत, सीट अशी झाली पाहिजे की बघणाऱ्याने बसायला मागावी. बंगल्यातल्या सोफ्याला घालतात तो उंची फोम घातला. त्यावर तपकिरी रेक्झिन, कडेने पांढरं पायपिंग, मधे चौकटी पाडून प्रत्येक चौकटीत बटण. बटणं हिच्याच डब्यातली, हिनेच वाटीत काढून दिली, डबा मात्र माझ्या हातात दिला नाही. वरून लोक खाली येऊन सीटवर बसून जायचे. हेडक्लार्क तर एकदा तिच्यावर दुपारची डुलकी काढून गेले.

क्लबने शिकवायला एक मुलगी नेमली होती. तिला सगळे कोच म्हणत. माझ्या सुनेच्या वयाची, पण बोलायची सैन्यातल्यासारखी. मी पहिल्या धड्याला विचारलं, हिला ब्रेक कुठे?

"ब्रेक नाही, काका."

"मग थांबायचं कसं?"

"गॅस सोडायचा, आपोआप थांबते. पण वळताना सोडायचा नाही. गॅस सोडला की हँडल कितीही फिरवा, ती सरळच जाणार. भीती वाटली की लोक गॅस सोडतात आणि आपटतात. इथे भीती वाटली की गॅस द्यायचा."

मी आयुष्यभर रस्त्यावर याच्या नेमकं उलट करत आलो होतो. तिने माझ्या मनगटाला एक दोरी अडकवली. माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. मला ती कल्पना फार आवडली. असं संसारातही पाहिजे.

मी निघालो. चांगला निघालो. पण थोड्या वेळाने गाडी मागून बसायला लागली. कोच ओरडून विचारत होती, की काका, मागे कोणी बसलंय का? मागे कोणी नव्हतं. खाली होतं. प्रत्येक टाक्याच्या भोकातून, प्रत्येक बटणाखालून पाणी आत जात होतं आणि बंगल्यातला तो फोम तहानलेल्या रेड्यासारखा तलाव पीत होता. मी जरा उठून पुन्हा बसलो की मागून पाण्याची चिळकांडी उडायची. शेजारून दुसऱ्या स्कूटरवर येणाऱ्या कोचचा चष्मा त्यात गेला. किनाऱ्यावर आणली तेव्हा ती सीट उचलायला चार माणसं लागली. नंतर पार्किंगमध्ये ती कितीतरी दिवस गळत होती आणि कमिटीला वाटलं, पाण्याची टाकी फुटली.

मी हार मानली नाही. फोम वाळवला, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड चिकटवलं आणि वर पुन्हा तेच रेक्झिन शिवलं, बटणं वगळून. पाणी शिरायचं बंद झालं. पिशवी आणि रेक्झिनच्या मध्ये मात्र हवा राहिली, आणि अशी हवा राहिली की बसणाऱ्याची काय शोभा होते, ते पुढे येईलच.

मुलाला हे सगळं कळत होतं. एवढी मोठी वस्तू पार्किंगमध्ये लपत नाही. तो आधी हसला, मग शर्यत जवळ आली तसा जेवताना अपघातांबद्दल बोलायला लागला. एकदा म्हणाला, की पडणं, बुडणं, आदळणं यांतल्या कुठल्याच कलमात तुम्ही बसत नाही बाबा. मी म्हटलं, मी सीटवर बसतो, कलमात कशाला बसू? सून हसली, तो हसला नाही. रात्री मला त्यांच्या खोलीतून त्याचा आवाज ऐकू आला. तो आईला म्हणत होता, की किल्ली देऊन टाक हवी तर, पण हे थांबव.

शर्यतीच्या दिवशी मी क्लबच्या खोलीत तो रबरी पोशाख चढवत होतो. चढवत होतो म्हणजे हेडक्लार्क आणि एक अनोळखी माणूस मला त्यात कोंबत होते. मी जन्मभर उशांना अभ्रे चढवले, उशीला काय वाटत असेल ते त्या दिवशी कळलं. एवढ्यात दारावर टकटक झाली. ही आली होती. अंगात सुनेचा ट्रॅकसूट, चेहरा परीक्षेला आल्यासारखा. हेडक्लार्क लगेच बाहेर गेले.

हिने मूठ उघडली. किल्ली. एवढे दिवस आवाजावरून ओळखत होतो, आज समोर पाहिली. बटणांत राहून जरा चकचकीत झाली होती.

"ही घ्या आणि घरी चला. मुलाचं काही म्हणणं नाही."

मी किल्लीकडे पाहत राहिलो. खरं सांगतो, हात पुढे गेला होता. रबराच्या त्या पोशाखात हात पुढे जायलाही वेळ लागतो, त्या वेळात माझं डोकं जाग्यावर आलं.

"शर्यत सोडली म्हणून मिळणारी नको," मी म्हटलं. "मग ती रोज मला आठवण करून देईल."

हिने मूठ मिटली, किल्ली खिशात टाकली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "पोशाख उलटा घातलाय. चेन मागे असते."

सुलटा घालून बाहेर आलो, तर क्लबच्या सेक्रेटरीबाई वाट अडवून उभ्या. बाई भल्या, पण मला पाण्यात सोडायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी उभ्या उभ्या एक नवा नियम काढला: साठीच्या पुढच्या नवोदिताच्या मागे पोहता येणारी एक जबाबदार व्यक्ती बसली पाहिजे. हा नियम कुठेच लिहिलेला नव्हता, आणि हेडक्लार्कांनी तसं म्हणायलाही सुरुवात केली. त्यावर बाई त्यांना म्हणाल्या, बरं झालं, मग तुम्हीच बसा ना मागे. हेडक्लार्कांना एकदम आपला गुडघा आठवला. दोन्ही आठवले. जिथे तिथे मी आहे तुमच्या मागे, असं म्हणत आलेला हा माणूस पहिल्यांदाच खरोखर मागे बसायची वेळ आली तेव्हा बाकावर जाऊन बसला.

बाईंनी सुटकेचा श्वास सोडला, म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षी बघू, काका."

"मी बसते," ही म्हणाली.

मुलगा कठड्यापाशी हाताची घडी घालून उभा होता. त्याची घडी सुटली. "आई, अगं तू काय..."

"विहिरीत उड्या मारून मोठी झालेय मी. आणि यांच्या मागे बसायची मला सवय आहे." मग बाईंकडे वळून म्हणाली, "जबाबदार व्यक्ती पाहिजे ना? या घरात दुसरी कोण आहे?"

यावर नियम करता येईना. हिला जॅकेट चढवलं. किल्ली हिने ट्रॅकसूटमधून काढून जॅकेटच्या खिशात घातली, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

सुरुवातीच्या रेषेवर सगळ्यांची इंजिनं बंद असतात. निशाण पडलं की चालू करायची. त्यामुळे आधीचे काही क्षण सगळ्या तलावावर अगदी शांतता असते. दोन्ही बाजूंना तरणीताठी पोरं, डोळे निशाणावर. त्या शांततेत ही माझ्या मागे टेकली, आणि आमच्या सीटने आतली सगळी हवा एका दमात, लांब, चढत्या सुरात सोडली. पोरांनी वळून पाहिलं. ही ठामपणे म्हणाली, "मी नाही." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. निशाण पडलं तेव्हा निम्म्या पोरांना हसण्यातून इंजिन चालू करता येईना, म्हणून पहिला थोडा वेळ मी चक्क पुढे होतो. माझ्या क्रीडाजीवनातलं ते सर्वोच्च शिखर.

रस्ता पाण्यात तरंगणाऱ्या पिंपांनी आखलेला होता. लाल पिंप आलं की डावीकडे वळायचं, पिवळं आलं की उजवीकडे. पहिलं लाल आलं, मी गॅस दिला, वळलो. हिने माझं जॅकेट धरलं होतं, पण ओरडली नाही. दुसरंही लाल, तेही जमलं. वाऱ्याने माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं आणि मला वाटलं, हे माझंच आहे सगळं, तलाव, ऊन, ही बाई.

मग तिसऱ्या पिंपाजवळचा किनारा आला. तिथे जाहिरातदारांनी रांगेने फलक लावले होते. आदल्या दिवशी सरावाला नव्हते ते. पहिला मोठ्या निळ्या अक्षरांत.

"छत गळतंय?" मी मोठ्याने वाचलं.

"अहो, पुढे बघा."

"आजच भेटा. गुडघेदुखी, मानदुखी, पाठ..."

पुढचं मला माहीत आहे तसं तुम्हालाही माहीत आहे. हात गॅसवरून सुटला होता. पिवळं पिंप समोर आलं, मी हँडल उजवीकडे वळवलं, पूर्ण वळवलं, आणि गाडी सरळच गेली. समोर परीक्षकांचा तराफा होता. त्यावरचे तिन्ही परीक्षक खुर्च्यांवरून उठले. मागून हिने सगळा भार एका अंगाला टाकला, गाडी तराफ्याला चाटून कलली, आणि आम्ही दोघं पाण्यात. दोरी निघाली, इंजिन बंद पडलं. यंत्र आपलं काम चोख करतं, माणसाचंच काय ते बोला.

वर आलो तेव्हा ही शेजारी तरंगत होती, केस तोंडावर.

"अहो, चष्मा आहे का?"

चष्मा माझ्या गळ्यात दोरीला होता. लागलं कोणालाच नव्हतं. मग हिने खिशात हात घातला. एका खिशात, मग दुसऱ्यात, मग पुन्हा पहिल्यात. तिचा चेहरा असा मी फार कमी वेळा पाहिलाय.

"किल्ली गेली," ती म्हणाली.

आम्ही दोघांनी खाली पाहिलं. हिरवं पाणी, तळ दिसत नव्हता. शर्यत आमच्या भोवतीनं भर्रकन जात होती.

"जाऊ दे," मी म्हटलं. "तशीही कुठे मिळणार होती मला."

"मिळणार होती. पलीकडे पोचलो की देणार होते."

"हरलो असतो तरी?"

"तुम्ही जिंकाल असं मला कधी वाटलं होतं?"

मला हसू आलं, तोंडात पाणी गेलं, ठसका लागला. तेवढ्यात बचावाची बोट आली आणि त्यातला माणूस म्हणाला, चला काका, दोर लावतो, ओढून नेतो. ओढून नेलं म्हणजे शर्यतीतून बाद. मी हिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, बोटीकडे पाहिलं.

"आम्ही बोलावलं नव्हतं तुम्हाला," ती म्हणाली. "बाजूला व्हा, लाटा येतात."

आम्ही गाडीवर परत चढलो. कसे चढलो ते विचारू नका. एकदा मी चढलो आणि ही घसरली, एकदा ती चढली आणि मी तिच्या पायाला धरून खाली, आणि सीट प्रत्येक वेळी आपलं मत जाहीर करत होती. परीक्षकांनी आधी पाहिलं, मग शिष्टाचार म्हणून दुसरीकडे पाहिलं. शेवटी दोघं बसलो. मी मनगटाला दोरी लावली, इंजिन चालू केलं. पाठीत बोट बसलं, त्याच जुन्या खळग्यात.

"आता एकही पाटी वाचायची नाही."

एवढ्या वर्षांत वाचू नका असं ती पहिल्यांदाच म्हणत होती. मी म्हटलं, "आणि राहून गेल्या तर?"

"मी वाचून ठेवते. घरी गेल्यावर सांगते सगळ्या. तुम्ही द्या गॅस."

मी गॅस दिला. पिवळ्याला उजवीकडे, लालला डावीकडे. डाव्या अंगाला फलक जात होते, रंग कळत होते, मान ओढ घेत होती. पाठीवर बोट होतं. मान एकदाही वळली नाही. बाकीचे केव्हाच पोचून पोशाख बदलत होते. शेवटच्या रेषेवर सेक्रेटरीबाईंनी निशाण गुंडाळून बगलेत मारलं होतं. आम्ही येताना दिसलो तसं त्यांनी ते उलगडायला घेतलं, उलगडेना, मग तसंच गुंडाळलेलं, लाटण्यासारखं, आमच्यासमोर जोरजोरात हलवलं. बाकावर हेडक्लार्क दोन्ही गुडघे विसरून, उभे राहून टाळ्या वाजवत होते.

काठावर मुलगा उभा होता. काठावर म्हणजे पाण्यात. ऑफिसचे बूट, इस्त्रीची पँट, मांडीपर्यंत ओली. आम्ही पडलो तेव्हा तो तसाच आत शिरला होता, कोचने दंडाला धरून थांबवला म्हणे. त्याने आधी आईला हात देऊन उतरवलं, मग मला. बराच वेळ माझा हात सोडला नाही.

"किल्ली बुडाली रे," ही त्याला म्हणाली. "यांना द्यायची होती मला."

त्याने खिशातून आपला किल्ल्यांचा जुडगा काढला. घराची, ऑफिसची, कपाटाची, आणि त्यांच्या मध्ये एक ओळखीची. विमावाला माणूस, प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत ठेवतो. ती सगळे दिवस त्याच्या खिशात होती आणि मी बटणांचा डबा कानाला लावत बसलो होतो. त्याचे हात ओले होते, त्यामुळे ती कडीतून निघेना. आम्ही तिघं खाली मान घालून त्या कडीकडे बघत उभे होतो. निघाली. त्याने ती माझ्या तळव्यावर ठेवली आणि वरून माझी बोटं मिटली, लहानपणी मी त्याच्या हातात गोळी ठेवून मिटायचो तशी.

"आधी सर्व्हिसिंग करून घ्या, बाबा," तो म्हणाला. "आणि आईला मागे बसवल्याशिवाय जायचं नाही."

घरी आल्यावर हिने मला सगळे फलक सांगितले. छत गळती, गुडघेदुखी, सिमेंट, शिकवणीचे वर्ग, एक राहिला होता तोही आठवून आठवून. मी डोळे मिटून ऐकले. वॉटर स्कूटर कोचने नव्या पोरांना शिकायला मागून नेली. सीट मात्र तिने काढून परत पाठवली. ती आता पार्किंगमध्ये आहे, वर हेडक्लार्क आहेत.

स्कूटर सर्व्हिसिंगहून आली त्या संध्याकाळी आम्ही निघालो. ही मागे. मी नजर नाकासमोर ठेवली होती, हात गॅसवर घट्ट, कोणी बघितलं असतं तर परीक्षेला बसलाय म्हटलं असतं. भाजीवाल्याने मला लांबून ओळखलं आणि हातगाडी फुटपाथवर चढवली. चौकाच्या अलीकडे डावीकडे काहीतरी नवं, लाल-पिवळं, मोठ्ठं दिसलं. मान वळली नाही.

"अहो," मागून आवाज आला, "ती नवी पाटी बघितली का? काय लिहिलंय?"

तिला वाचता येत नव्हतं का? तिनेच तर मला शिकवलं.

मी हात दाखवला, गाडी सावकाश रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं, दोन्ही पाय जमिनीला टेकले. मग ती पाटी मोठ्याने वाचली, वरपासून खालपर्यंत, रंगवणाऱ्याच्या फोन नंबरासकट. पाठीत बोट आलं नाही.